काडतुसांचा हिशेब: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शस्त्र परवान्याबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी बंदुकीपेक्षा काडतुसांचे प्रश्न जास्त आहेत, आणि ते बरंच आहे. बंदूक डोळ्यांसमोर असते, तिचा नंबर परवान्यावर असतो. काडतूस मात्र कपाटाच्या खणात, जुन्या कोटाच्या खिशात, धान्याच्या कोठीमागे पडून राहतं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३ बंदूक आणि दारूगोळा यांच्यात फरक करत नाही. दोन्हींना परवाना लागतो, आणि एका जिवंत काडतुसावरही गुन्हा दाखल होतो.

प्रश्न (यावल तालुका): आबा दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या नावावर १२ बोअरची दुनळी बंदूक होती. पेटीत २३ काडतुसं निघाली, त्यांतली काही कागदी असून फुगलेली आहेत. भाऊ म्हणतो, परवान्याची मुदत अजून दोन वर्षं बाकी आहे, तोवर घरातच राहू द्या. चालेल का?

चालणार नाही. परवाना आबांना दिलेला होता, घराला नाही. त्यांच्याबरोबर तो संपला. मुदतीची तारीख पुढची असली तरी तिचा आता उपयोग नाही. ताबा कायदेशीर राहिला नाही की कलम २१ नुसार बंदूक आणि काडतुसं विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. उत्तरकार्यं होईपर्यंतचे दिवस समजून घेतले जातात, पण दोन महिने हा उशीरच आहे. याच आठवड्यात जा.

मात्र बंदूक खांद्याला लावून थेट निघू नका. तुमच्या नावावर परवाना नाही, आणि वाटेत नाकाबंदीला अडवलं तर हातात दाखवायला काही नसेल. आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या: मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मग ठाणे अंमलदार सांगतील त्याप्रमाणे वस्तू न्या, किंवा त्यांनाच घरी येऊन ताब्यात घेऊ द्या.

सगळ्यात जास्त घोळ पावतीत होतो. ‘एक बंदूक व काडतुसे’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. बंदुकीचा कारखाना, नंबर आणि बोअर (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप), दोन्ही नळ्यांची स्थिती, काडतुसं किती, कोणत्या कंपनीची, किती चांगली आणि किती फुगलेली, हे सगळं पावतीत यायला हवं. पुढे वारसाच्या नावावर घेताना किंवा विकताना हीच पावती कामाला येते. वर्षभराने परवान्यावरच्या नोंदीत २५ आणि पावतीत २३ असा फरक दिसला, तर उरलेल्या दोनचा हिशेब तुमच्याकडेच मागितला जाईल. आबांनी वापरलेल्या काडतुसांची वही ठेवली असेल तर ती आत्ताच शोधून ठेवा.

पुढचा भाग वारसाचा. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देण्याची सोय आहे. कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकी सर्व वारसांची ना-हरकत आणि बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडायचा. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून फाईल अडते, त्यामुळे त्या आधी घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. ज्या भावाकडे आधीच दोन आहेत त्याच्या नावाने अर्ज करण्यात अर्थ नाही.

बंदूक वारसाने आली म्हणून काडतुसं आपोआप येत नाहीत. नव्या परवान्यावर जो बोअर आणि जी संख्या लिहिली जाईल तेवढीच तुमची. फुगलेली कागदी काडतुसं तर कोणीच ठेवू नयेत. ती नळीत पूर्ण बसत नाहीत, जोर लावून बसवली तर काढताना बूड तुटतं. जमा करतानाच ती नाशासाठी देत आहोत असं लिहून द्या. बंदूक कोणालाच नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याला विकता येते. पण जमा करून विसरून जाऊ नका. ठरलेल्या मुदतीत कोणी दावा केला नाही तर जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतात.

ज्यांचे आबा-अप्पा हयात आहेत त्यांच्यासाठी: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर तो स्वतःच वारस सुचवून बदल मागू शकतो. हे काम त्यांच्या सहीने झालं तर पुढची अर्धी धावपळ वाचते.

प्रश्न (वरणगाव): माझं भंगाराचं दुकान आहे. पितळेच्या मालात कधीमधी रिकाम्या पुंगळ्या येतात, एकदा आख्खी गोळी आली. मित्राने सैन्यातून आठवण म्हणून आणलेलं एक काडतूसही माझ्या काउंटरवर ठेवलं आहे. यात गुन्हा आहे का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी त्या ओळखायला शिका, कारण भंगारवाल्याचा धोका कायद्याआधी भट्टीचा असतो.

पुंगळीचं तोंड उघडं आहे, आत दारू नाही आणि बुडाच्या मध्यावरच्या टोपीला (घोड्याचा ठोका बसून दारू पेटवणाऱ्या भागाला) खड्डा पडला आहे, तर ती उडालेली पुंगळी. पुढे गोळी घट्ट बसलेली आहे आणि टोपी सपाट आहे, तर ते जिवंत काडतूस. गोळी जागेवर आहे पण टोपीला खड्डा आहे, तर ते न उडालेलं काडतूस, आणि ते सगळ्यात वाईट. घोडा पडला पण दारू पेटली नाही, ती पुढे कधीही पेटू शकते. असं काडतूस कायद्यातही जिवंतच धरा. सरावाच्या नकली काडतुसाला बाजूला भोकं किंवा उभ्या पन्हाळ्या असतात. पण मातीत पडून काळं झालेलं काडतूस पाहून ‘नकलीच असेल’ असा अंदाज कधीही करू नका. पकडीने गोळी उपटणं, हातोडीने ठोकणं, पितळ म्हणून मुशीत टाकणं, यातलं काहीही केलं तरी हात किंवा डोळा जाऊ शकतो.

उडालेल्या पुंगळीला कलम ४५ मधली सूट मिळते. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग, जे दुसऱ्या भागांबरोबर जोडून वापरायचे नाहीत, त्यांना कायदा लागू होत नाही. आठवण म्हणून ठेवलेली एक पुंगळी त्यात बसते. पोतंभर पुंगळ्या, सोबत टोप्या आणि दारू असेल तर ही सूट संपली, कारण मग पुन्हा भरण्याचा हेतू दिसतो.

तुमच्या गावात हे आणखी जपून घ्यायला हवं. वरणगावचा आयुध कारखाना ५.५६ आणि ७.६२ मि.मी.ची सैनिकी काडतुसं बनवतो, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली आहे. सैनिकी काडतुसाच्या बुडावर कारखान्याची अक्षरं आणि सालाचे आकडे ठोकलेले असतात. असा माल बिनपावतीचा आला तर शस्त्र कायद्याबरोबरच चोरीचा माल घेतल्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ चा प्रश्न उभा राहतो. विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत आणि वजनाची पावती नसेल तर तो माल घेऊच नका.

आता मित्राचं काडतूस. ते जिवंत असेल तर आजच काउंटरवरून हलवायला हवं. ७.६२, .३०३ आणि ९ मि.मी. हे प्रतिबंधित बोअर आहेत, त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही. साध्या बोअरचं काडतूस विनापरवाना सापडलं तर शस्त्र कायद्याच्या कलम २५(१-ब) खाली २ ते ५ वर्षं शिक्षा आहे. प्रतिबंधित शस्त्र-दारूगोळ्याचं कलम ७ लागलं तर ती ७ ते १४ वर्षं होते. मित्राने प्रेमाने दिलं, काउंटरवर उघड ठेवलं होतं, या सबबी शिक्षा ठरवताना ऐकल्या जातील, गुन्हा दाखल होताना नाही. पिशवीत घालून ठाण्यात नेण्याऐवजी ठाण्याला फोन करा, कुठे ठेवलं आहे ते सांगा आणि पंचनामा करून नेऊ द्या. तोफगोळा, हातगोळा किंवा ओळखू न येणारी वस्तू भंगारात आली तर हात न लावता माणसं बाजूला करा आणि ११२ वर कळवा. ते काम बॉम्बशोधक पथकाचं आहे.

प्रश्न (शिरपूर): माझा .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना महाराष्ट्रापुरता आहे. सेंधव्याला पाहुण्यांकडे जाणं-येणं असतं. तासाभराचा तर रस्ता आहे. सोबत नेलं तर?

परवान्यावर ‘कार्यक्षेत्र’ असा रकाना असतो. जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत यांपैकी जे लिहिलं आहे तिथपर्यंतच परवाना. पळासनेरच्या पुढे बिजासन घाटाला लागलात की मध्य प्रदेश, आणि तिथे तुमचा परवाना नसल्यासारखाच आहे. खान्देशात हे फार जणांच्या लक्षात येत नाही, कारण आपली सोयरीक आणि बाजारहाट तिन्ही राज्यांत आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथे बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकलात तरी हद्द बदलते. वारंवार जाणं असेल तर कलेक्टर कचेरीत कार्यक्षेत्र वाढवून मागा. अर्जात कारण ठोस लिहा. सेंधव्याला शेती आहे, व्यापार आहे, रोकड न्यावी लागते, असं पुराव्यासह दिलं तर अर्ज पुढे सरकतो. ‘नातेवाईक आहेत’ हे कारण पुरत नाही.

हद्दीच्या आत नेतानाही नियम आहेत. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर पूर्ण झाकलेलं, म्यानात, आणि तुमच्या ताब्यात हवं. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवून ढाब्यावर जेवायला बसणं म्हणजे ताबा सोडणं. काच फोडून ते गेलं तर चोरीची फिर्याद तुम्ही द्याल, पण निष्काळजीपणाची नोटीसही तुम्हालाच येईल. लांब बंदूक न्यायची तर रिकामी करून, खोळीत. काडतुसं वेगळ्या बंद डब्यात, मोजून. मूळ परवाना अंगावर ठेवा. कलम १९ नुसार पोलीस तो मागू शकतात, आणि तो दाखवता आला नाही तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतात. मोबाईलमधला फोटो ही सोय आहे, परवाना नव्हे.

काडतुसं टपालाने किंवा कुरिअरने पाठवू नका, ‘साहित्य’ म्हणून गाडीवाल्याच्या हातीही देऊ नका. दुसऱ्याने नेण्याला कलम ३ मध्ये एकच छोटी वाट आहे: परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, आणि तेही दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी. मुलाला बंदूक घेऊन दुरुस्तीला पाठवणार असाल तर तारीख, बंदुकीचा नंबर, कुठून कुठे आणि कशासाठी, एवढं लिहून सही करा आणि परवाना त्याच्यासोबत द्या.

प्रश्न (रावेर): केळीच्या बागेत रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. पीकसंरक्षणाचा परवाना आहे. माझी काडतुसं संपली होती म्हणून शेजारच्या अप्पांकडून ५ घेतली. त्यांचाही परवाना १२ बोअरचाच आहे. मग अडचण काय?

अडचण हिशेबाची आणि नळीची, दोन्ही आहे.

परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे असतात: एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची. विक्रेता प्रत्येक खरेदी परवान्यावर आणि आपल्या रजिस्टरात चढवतो. अप्पांनी दिलेली ५ तुमच्या परवान्यावर कुठेच नाहीत, आणि अप्पांच्या हिशेबात ती ‘उडवली’ असं धरलं जाईल. त्यातलं एक जरी कुठे नको त्या ठिकाणी सापडलं तरी दोघांनाही उत्तर द्यावं लागेल. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तरी कलम ५ प्रमाणे किमान ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. हातउसनं हा प्रकार कायद्यात नाही. परवान्याची अट मोडल्याबद्दल कलम ३० मध्ये ६ महिने किंवा २००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. त्याहून वाईट म्हणजे परवाना रद्द होण्याची वाट मोकळी होते.

नळीचं म्हणाल तर १२ बोअरची सगळी काडतुसं सारखी नसतात. जुन्या दुनळ्यांचा कक्ष, म्हणजे नळीत काडतूस बसण्याची जागा, पुष्कळदा ६५ मि.मी.चा असतो. त्यात ७० मि.मी.चं काडतूस बसतं, म्हणून माणूस फसतो. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही, दाब वाढतो, आणि जुनी नळी तो सोसेलच असं नाही. बंदूकवाल्याकडून कक्ष मोजून घ्या. २० बोअरचं काडतूस तर आसपासही ठेवू नका. ते १२ पेक्षा बारीक असतं, त्यामुळे १२ च्या नळीत आत घसरून अडकतं, डोळ्याला नळी रिकामी वाटते, वर १२ चं भरून घोडा दाबला की नळी फाटते.

आणि मुख्य मुद्दा: बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि नीलगाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोन्ही अनुसूची २ मध्ये आली. मारायचं तर कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी, आणि ती त्या वावरापुरती, त्या मुदतीपुरतीच असते. मारलेलं जनावर सरकारचं असतं. पंचनाम्याआधी वाटे घातले तर तो वेगळा गुन्हा.

रात्रीची लाईट असते तेव्हा बागेत पाणी धरणारी माणसं फिरत असतात, हे विसरू नका. केळीत दहा पावलांवरचं दिसत नाही. सळसळीच्या आवाजावर कधीही गोळी झाडू नका. आजूबाजूच्या वावरांत कोण पाण्यावर आहे ते आधी विचारून घ्या. डुकरांसाठी कणकेत स्फोटक गुंडाळून ठेवणं हा बेकायदा प्रकार आहे. त्यात गाई-म्हशींचे जबडे फाटतात आणि १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली गंभीर गुन्हा होतो.

काडतुसं ठेवण्याचंही सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या माळ्यावर त्याहून जास्त. त्या उष्णतेत दारू खराब होते. चामड्याच्या पट्ट्यात वर्षभर खोचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेला हिरवं कळकट चढतं आणि ती नळीत अडकतात. कोरड्या, गार खोलीत, कुलपाच्या लोखंडी कपाटात, बंदुकीपासून वेगळ्या डब्यात ठेवा. किल्ली एकाच माणसाकडे असू द्या.

प्रश्न (जळगाव): विमानतळावर बॅगेत चुकून राहिलेलं एक काडतूस निघालं तर थेट अटक होते का?

सुरक्षा तपासणीत काडतूस निघालं की माणूस आणि बॅग स्थानिक पोलिसांकडे दिली जाते आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. विमान तर चुकतंच. ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात सांगितलं आहे, आणि एखादं काडतूस नकळत राहिल्याच्या अनेक फिर्यादी उच्च न्यायालयांनी रद्द केल्या आहेत. शिवाय कलम ३ च्या गुन्ह्यात खटला चालवायला कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. पण तिथवर पोचेपर्यंत तारखा, वकील आणि पासपोर्टची अडचण सोसावी लागते. तुमच्याकडे त्याच बोअरचा चालू परवाना असेल तर तो ताबडतोब दाखवा आणि जबाबात खरं तेच सांगा. बॅग मित्राची होती असं काही रचू नका.

परवान्यासह मुद्दाम न्यायचं असेल तर केबिनमध्ये कधीच नाही. काउंटरवर आधी जाहीर करायचं, बंदूक रिकामी, काडतुसं पक्क्या वेष्टनात, चेक-इन सामानात. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एका प्रवाशाला वेष्टनासह ५ किलोंची मर्यादा आहे, विमान कंपनीची मर्यादा त्याहून कमी असू शकते. तिकीट काढण्याआधीच कंपनीला विचारा.

प्रश्न (अमळनेर): निवडणुकीत बंदूक जमा केली, काडतुसं घरीच राहिली. ठीक आहे ना?

नोटीस वाचा. त्यात शस्त्र व दारूगोळा असं लिहिलं असेल तर दोन्ही जमा करा आणि पावतीत काडतुसांची संख्या लिहून घ्या. सगळ्यांकडून सरसकट जमा होत नाही, कोणाकडून घ्यायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. बँकेचे सुरक्षारक्षक आणि स्पर्धेतले नेमबाज यांनी आधीच अर्ज द्यावा. जमा असतानाच परवान्याची मुदत संपणार असेल तर नूतनीकरणाचा अर्ज थांबवू नका, दोन महिने आधी टाका. आता परवाना ५ वर्षांचा असतो, त्यामुळे तारीख विसरणं सोपं झालं आहे. परवान्यावर युनिक क्रमांक (प्रत्येक परवानाधारकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) चढला आहे का तेही त्याच फेरीत पाहा.

प्रश्न (धुळे): मुलाला एअरगन घ्यायची आहे. छर्ऱ्यांना परवाना लागतो का?

.१७७ म्हणजे ४.५ मि.मी. बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असेल तर बंदुकीलाही परवाना लागत नाही, छर्ऱ्यांनाही नाही. बोअर किंवा ऊर्जा यांपैकी एक जरी वर गेली तरी लागतो. बिलावर दोन्ही आकडे लिहून घ्या. पक्ष्यांवर झाडली तर वन्यजीव कायदा लागतो, तिथे एअरगन म्हणून सूट नाही.

प्रश्न (धडगाव): ठासणीच्या बंदुकीला काडतूसच नसतं. मग दारू आणि टोप्या मोजतात का?

मोजतात. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक परवान्याचीच आहे, आणि दारू, टोप्या, छर्रे परवान्यावर लिहिले असतील तेवढेच ठेवता येतात. घरी दारू कुटणं किंवा फटाक्यांची दारू भरणं दोन्ही बेकायदा, आणि फटाक्याच्या दारूने नळी फुटते. जुनी बंदूक नुसती खुंटीला टांगलेली असली आणि तिचा परवाना कधी झालाच नसला, तर पोलीस पाटलांना सोबत घेऊन ती ठाण्यात कळवा.

प्रश्न (चाळीसगाव): हळदीला हवेत एक बार काढला, कोणाला लागलं नाही. परवाना आहे. तरी गुन्हा?

होय. २०१९ पासून शस्त्र कायद्याचं कलम २५(९) त्यासाठीच आहे: २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणाला लागलं नाही तरी बेदरकार गोळीबार हाच गुन्हा आहे. व्हिडिओ कोणाच्या तरी फोनमध्ये असतोच, आणि त्या उडालेल्या काडतुसाचं कारण तुमच्या वहीत लिहिता येणार नाही.